उरलेली ढेप

आपली गूळतुला होणार आहे ही बातमी वर्षाराणीला गिऱ्हाइकाकडून कळली. रामीबाई ब्लाउजचं कापड घेऊन आली, ओट्यावर टेकली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "मंग वर्षा, हनुमान जयंतीले किती वाजता या लागते आमाले? पहिलेच येऊन बसतो माय. मागून काई दिसत नाई."

"काय दिसत नाई?"

"तुही तुला. सोजराबाई सांगून गेली ना काल घरोघरी. सारं गाव येऊन राह्यलं."

वर्षाराणीचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावरच थांबला. सुई कापडात अर्धी रुतून राहिली. रामीबाई आपल्या नादात पुढं बोलत होती, बाह्या कोपरापर्यंत ठेव, मागून गळा जास्त खोल नको, आणि वर्षाराणी मान हलवत होती. पण त्यातलं एक अक्षर तिच्या कानात शिरत नव्हतं.

तुला म्हणजे काय ते सांगून टाकतो. एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी रचायच्या, पारडी बरोबरीला आली की तो गूळ देवापुढं ठेवून गावात वाटायचा. लेकरू दुखण्यातून उठलं की आया असा नवस फेडतात. पुढाऱ्यांचीही तुला होते, त्यांना तर हौसच असते. लेकरू पारड्यात बसलेलं गोडही दिसतं. पण जिच्या अंगाची चर्चा गाव आठ महिने मिटक्या मारत करतंय, त्या बाईला भर पारावर काट्यावर चढवायचं? हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याच्या डोक्यात मेंदूच्या जागी गूळच असला पाहिजे.

वर्षाराणी कामरगावात लग्न होऊन आल्यापासून शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या हाताला पाठ होती. आणि तिचा एक नेम होता, जो तिला कुणी शिकवला नव्हता. माप घेताना तोंडातून आकडा काढायचा नाही. टेप लावायची, बोटानं जागा धरायची आणि खडूनं थेट कापडावर खूण करायची. कुणाचं पोट सुटलं, कुणाची सून सासरी आल्यापासून सुकत चालली, कुण्या म्हातारीचे खांदे एकाएकी खाली आले, सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि ते त्या कापडातच शिवलं जायचं. बायका तिच्याकडे उगाच यायच्या नाहीत. कारंज्यात हिच्यापेक्षा झकपक टेलर होते, पण ते आतल्या पोराला ओरडून आकडे सांगायचे.

अशा बाईचं स्वतःचं वजन मात्र कामरगाव ते कारंजा रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडी होतं. त्याला कारण तिचा नवरा.

विकासची काळीपिवळी होती. जीपमध्ये माणसं कोंबायची आणि कारंज्यापर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवायचं, म्हणजे अडचण जाणवत नाही, हा त्याचा धंद्याचा मंत्र. गेल्या पोळ्याच्या आधी बायकोचं अमरावतीला ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याला बोलायला आयता विषय मिळाला. "जठराले पट्टी बांधली राजेहो. दुर्बिनीतून. चार घास खाल्ले की पोट भरते. आता पाहा, साल भरत नाई तं अर्धी होते." मागं बकऱ्या घेऊन बसलेल्या माणसालासुद्धा त्यानं हे सांगितलं होतं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

खरं तर अर्धं होण्यासाठी वर्षाराणी त्या टेबलावर झोपलीच नव्हती. दोन बाळंतपणांत चढलेलं अंग उतरलं नाही ते नाहीच. गुडघे गेले, साखर लागली, पायमशीन चालवताना धाप लागायला लागली. उपास झाले, काढे झाले, पहाटेचं चालणं झालं. सगळ्यात जिव्हारी लागायचं ते देवळात. मारुतीच्या पायरीवर डोकं टेकायला तिला वाकताच यायचं नाही. पोट मधे यायचं. ती उभ्यानंच हात जोडायची आणि मागच्या बायका म्हणायच्या, देवापुढंबी कशी ताठ उभी राह्यते पाहा. डॉक्टर म्हणाले, पट्टीनं फायदा होईल, आणि ती तयार झाली.

दवाखान्यातल्या मंजू सिस्टरनं आधीच बसवून समजावलं होतं. जठराच्या वरच्या टोकाला पट्टी बसते, ती गरजेप्रमाणे सुईनं पाणी भरून थोडी थोडी आवळतात. पट्टी भूक आवरते, जादू करत नाही. वजन हळू उतरतं, मधे महिना महिना थांबतंही. हे सगळं होताना विकास बाहेर गाडीसाठी सावली शोधत होता. वर्षाराणीनं ऐकलं, पण ती ऐकत असताना समोरच्या भिंतीवर एका बाईचे दोन फोटो होते, एक आधीचा आणि एक नंतरचा. कान सिस्टरकडे आणि डोळे फोटोकडे. घरी आल्यावर कानातलं विसरलं आणि डोळ्यातलं राहिलं. ऑपरेशनला जाण्याआधी तिनं मोरपंखी कापडाचं एक ब्लाउज त्या दुसऱ्या फोटोच्या मापानं कापून ठेवलं होतं.

आठ महिने झाले. पहिल्या काही महिन्यांत वजन उतरलं, विकासनं जीपमध्ये पेढे वाटले. मग काटा जो थांबला तो हलेना. आणि ते मोरपंखी कापड तसंच कपाटात पडून राहिलं.

तेवढ्यात गावाला कंठ फुटला. "पट्टी सुटली का काय वं?" "माह्या भावजयीच्या बहिनीनं तं नुस्तं गरम पानी पेलं, कायची पट्टी अन् कायचं काय." लग्नाच्या पंगतीत ती बसली की शेजारच्या तिच्या पानात डोकावत. कमी खाल्लं तर म्हणत, नाटकं पाहा. जरा जास्त घेतलं तर म्हणत, पाह्यलं, खातेच. एकदा घाईत तिच्याकडून पोळीचा घास नीट चावला गेला नाही, तो छातीत अडकला आणि तिला पंगतीतून उठून भिंतीमागं जावं लागलं. ती तोंड धुऊन परत आली तर तिच्याबद्दल नवीनच बातमी तयार होती, की तिसरं लेकरू आहे.

रामीबाई गेल्यावर वर्षाराणी मशीनवरून उठली ती सरळ अंगणात. सासू सोजराबाई बाजेवर कुरडया वाळत घालून कावळे हाकत बसल्या होत्या.

"आई, तुमी मले इचारलं का?"

सासूला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "देवाले बोलली व्हती मी. त्याच्यात तुले काय इचारा लागते?"

"बोल्ल्या ते तुमचं अन् देवाचं. पारड्यात मले बसा लागते."

"मंग कोनाले बसवू? तुह्यासाठीच तं नवस हाय." सोजराबाईंनी काठी खाली ठेवली. "तुले आत नेलं अन् दार लावून घेतलं. मी त्या बाकावर बसली. आत काय करून राह्यले कोनी सांगेना. म्या म्हनलं, मारुतीराया, माही सून धडधाकट बाहेर येऊ दे. तिच्या वजनाइतका गूळ वाटतो तुह्या पारावर. तू आली ना बाहेर? आली. आता देव वाट पाहून राह्यला."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. शुद्धीवर आल्यावर वर्षाराणीला पहिलं दिसलं होतं ते सासूचं रडून सुजलेलं तोंड. त्यामुळेच तर जास्त संताप येत होता. द्वेषानं कुणी काही केलं तर माणूस भांडून मोकळं होतं. मायेनं केलेल्यावर धड रागावता येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

"मंग तवाच का नाई फेडला? आठ महिने झाले."

"विकास म्हने थांब. अर्धी होऊ दे, लोकाईले दिसू दे. मी थांबली. आता माह्या पायाची जखम भरून नाई राह्यली, म्हैस आटली. देव किती दिवस थांबन?" मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "अन् गूळ आनून ठेवला म्या कारंज्याहून. त्या दिवशी वार्डातल्या नर्सनं तुले काट्यावर उभं करून जोरानं वजन सांगतलं, ते म्या ध्यानात ठेवलं व्हतं. तेवढाच आनला. देवाले त्या दिवशीचं वजन सांगतलं, त्याच्यात लबाडी नाई करा लागत."

वर्षाराणी आतल्या खोलीत गेली. पोत्याखाली ढेपी रचलेल्या होत्या, दहा-दहा किलोच्या, आणि मुंग्यांची रांग लागलेली होती. तिचंच वजन असं तिच्याच घरात झाकून ठेवलेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

दुपारी विकास जेवायला आला. तिला वाटलं होतं, नवरा तरी आईला समजावेल. पण त्याची काळजी वेगळीच होती. तुला होणार याचं त्याला काही नव्हतं, तुलेत काय दिसणार याचं होतं.

"लोकाईले म्या अर्धी होते म्हनून सांगून ठेवलं," तो भाकर मोडता मोडता म्हणाला. "तू तं हाय तिथंच. उद्याच अमरावतीले जाऊ. पट्टी आवळून घे चांगली. हनुमान जयंतीच्या आत थोडं तं उतरन."

आवळून घे म्हणे. गोणीचं तोंड होतं का ते, सुतळी ओढली की झालं?

तरी ती गेली. का गेली, तर तिलाही वाटलं, आवळल्यानं उतरलं तर उतरलं. मनातून तिला सिस्टरशी भांडायचंही होतं. मंजू सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, तोंडानं उच्चारला नाही, हे वर्षाराणीच्या लक्षात आलं. मग सिस्टरनं काय खाता, कसं खाता ते विचारलं आणि विकासनं मधेच तोंड घातलं.

"ते राहू द्या मॅडम. एकदाची टाईट करून टाका. पैसे भरले ना आमी."

"पट्टी व्यवस्थित बसली आहे," मंजू सिस्टर म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी तपासलं. आणखी आवळली तर भाकरी-भाजी खाली उतरणार नाही, उलट्या होतील. मग माणूस चहात बिस्किट बुडवून खातं, आइस्क्रीम खातं. ते सरसर खाली जातं आणि वजन वाढतं."

वर्षाराणीनं मान खाली घातली. गेले तीन आठवडे ती तेच करत होती. काटा हलेना, म्हणून जीव वैतागायचा. जीव वैतागला की चहात बिस्किटांचा पुडा बुडायचा. पुडा संपला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. आणि तो राग शमवायला चुलीवर पुन्हा चहाच चढायचा.

"मंग तो फोटो कायले लावला तुमी?" ती एकदम उसळली. "आमाले तो फोटो दाखवून इथं झोपवलं तुमी. माह्यात अन् त्या बाईत काय फरक हाय?"

"दोन वर्षांचा," सिस्टर म्हणाली. ती चिडली नाही. "मी सांगितलं होतं तुम्हाला. तुमची साखरेची गोळी अर्धी झाली ना? गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याले कोन पाह्यते, मॅडम," विकास म्हणाला आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत उठला.

परत येताना त्यानं अर्थातच वाटेत माणसं भरली. रिकामी जीप आणणं त्याच्या जिवावर येतं. बायको पुढच्या सीटवर बसलेली, मागं ओळखीची चार तोंडं, आणि कुणीतरी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?" विकास गिअर टाकत म्हणाला, "काय म्हनते. फुकट गेलं सारं. पैसाबी गेला अन् ऑपरेशनबी गेलं."

फुकट गेलं. वर्षाराणीनं काचेतून बाहेर बघितलं. तूर निघालेली काळी रानं उन्हात पडली होती. पोटावर पाच ठिकाणी भोकं पाडून घेतली ती तिनं. महिनाभर पेज पिऊन काढला तो तिनं. प्रत्येक घास चावून चावून, पंगतीत शेवटची उठून, पाणीसुद्धा घोटाघोटानं पिऊन आठ महिने काढले ते तिनं. आणि फुकट गेलं ते ह्याचं.

"मंग काढूनच टाका," ती म्हणाली, समोर बघतच. "तुला झाली का पट्टी काढून टाकतो. लोकाईचंबी तोंड बंद होईन अन् तुमचंबी."

"पाहू," विकास म्हणाला. त्यानं नाही म्हटलं नाही.  काढायचं तिनं ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, तिला तर तसं काही वाटलं नाही.

हनुमान जयंतीच्या सकाळी सोजराबाई म्हणाल्या, "ते मोरपंखी घाल ना, शिवून ठेवलं असन तर."  वर्षाराणीनं कपाटातून आपलं जुनं तांबडं ब्लाउज काढलं. ते अंगात ढगळ झालं होतं. दोन्ही बगलांत एकदा शिवण आत घेतलेली होती, तिनंच, दिवाळीत कधीतरी, आणि आता पुन्हा घ्यायला झालं होतं. दुसऱ्यांची मापं बोटांवर असणाऱ्या बाईनं स्वतःचं ब्लाउज कधी आवळलं याची नोंद मनाशीही ठेवली नव्हती. तिनं उभ्या उभ्या दोन टाके घातले आणि ते अंगात चढवलं. त्याचा फार विचार करण्याइतकं तिचं डोकं त्या वेळी थंड नव्हतं.

पारापुढं ही गर्दी. अडत्याकडचा धान्य तोलायचा जुना काटा आणून तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला टांगला होता. एका पारड्यात सतरंजीची घडी, दुसरं रिकामं. बाजूला पोत्यावर गुळाच्या ढेपी. मंडपवाला हरीओम माईक हातात घेऊन उभा होता आणि माईक त्याच्या हाती आला की तो सोडत नाही हे गावाला ठाऊक होतं. रामीबाई म्हणाल्याप्रमाणे पहिल्या रांगेत बसली होती.

वर्षाराणी पारड्यात बसली. पारडं जमिनीला टेकलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं, दोघींनी त्याला साथ दिली.

"पहिली ढेप," हरीओम माईकमधून म्हणाला. "पारडं काई हलून नाई राह्यलं मंडळी. दुसरी ढेप. तिसरी येऊ द्या."

प्रत्येक ढेपीला तो काहीतरी जोडत होता. काटा मजबूत आहे ना पाहा रे. आज गावात कोणाच्या घरी साखर लागणार नाही. लोक हसत होते. सोजराबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांचं सगळं लक्ष देवाकडे. विकास गर्दीच्या कडेला मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभा होता. आपली बायको काट्यावर आणि हा मोबाईलमध्ये, हे वर्षाराणीनं बघितलं. 

"हरीओमभाऊ," ती पारड्यातूनच म्हणाली, "जोरानं मोजा. मागच्याईले आयकू नाई जाऊन राह्यलं."

हरीओम गांगरला. हसू जरा विरलं. त्यानं पुढच्या ढेपी रचल्या, नुसते आकडे सांगत. अखेर वर्षाराणीचं पारडं जमिनीवरून सुटलं, डुललं, आणि समोरच्या पारड्याच्या बरोबरीला येऊन थांबलं. हरीओमनं एकूण वजन माईकमधून जाहीर केलं. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तिनं कुणाचा सांगितला नाही, तर मी तिचा कशाला सांगू?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नारळ फोडला. हरीओमचं लक्ष पोत्याकडे गेलं. "सोजराबाई, ही एक ढेप उरली ना. ही कायची हाय?"

सोजराबाईंनी डोळे उघडले. "तीबी तिचीच. नवस बोल्ली तवा ती तेवढी व्हती. तेवढाच गूळ आनला म्या. तीबी वाटा लागते."

लोकांना समजायला जरा वेळ लागला. मग मागून एकजण म्हणाला, "मंजे आठ महिन्यात येवढीच उतरली? एकच ढेप?" आणि हसण्याची मोठी लाट उठली. ती दाबण्याचा कुणी प्रयत्नही केला नाही.

"ठेवा ती तिकडं बाजूले," विकास घाईनं म्हणाला. "चाला, वाटा लवकर, ऊन होऊन राह्यलं."

वर्षाराणी पारड्यातून उतरली. ती पोत्याजवळ गेली आणि ती ढेप उचलायला तिनं खाली हात घातले. पहिल्या झटक्याला ढेप हलली नाही. तिनं पाय रोवले, पुन्हा जोर लावला आणि ती छातीशी धरून उभी राहिली. तिच्या खांद्यांना कळ लागली. दहा किलो हा आकडा तिनं काट्यावर बघितला होता, सिस्टरच्या कागदावर बघितला होता. दोन्ही हातांत तो तिनं आज पहिल्यांदा घेतला. हे सगळं आपण घेऊन हिंडत होतो. मशीनवर बसताना, विहिरीवर जाताना, पायऱ्या चढताना, झोपेतसुद्धा. आणि हे आता आपल्या अंगावर नाही. कुणी काढून नेलं नाही, आपण उतरवलं.

ती तशीच विकाससमोर गेली.

"हात पुढं करा."

"कायले?"

"करा म्हनतो ना."

गाव बघत होतं. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि हात पुढं केले. तिनं ढेप त्याच्या हातांवर ठेवली. विकास पुढं वाकला, सावरला, आणि ढेप पोटाशी धरून उभा राहिला.

"आता गूळ वाटून होईपर्यंत धरून ठेवा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "हे माह्या अंगावरचं हाय. येवढंच हाय म्हनते ना सारे? मंग जड नाई होनार तुमाले."

मग ती गर्दीकडे वळली. "ज्याईले हसू येऊन राह्यलं त्याईनं या अन् उचलून पाहा. म्या कोनाचं माप आजपर्यंत कोनाले सांगतलं नाई. माहं तुमी माईकवर आयकलं. आता हातानंबी पाहा."

कोणी पुढं आलं नाही. सोजराबाई मात्र आल्या. त्यांनी मुलाच्या हातातल्या ढेपीखाली आपले दोन्ही हात घातले आणि उचलून बघितलं. ढेप थोडी वर झाली आणि पुन्हा विकासच्या हातांवर आदळली. म्हातारीनं सुनेकडे वळून बघितलं.

"माय वं," त्या म्हणाल्या. "येवढं व्हय? अन् तू सांगतलं नाई."

"कोनी इचारलं, आई?"

रामीबाई उठली, तिनंही बोटांनी ढेप उचलून पाहिली, आणि परत जागेवर जाऊन बसली. हरीओमनं माईक बंद केला. गूळ फोडायला सुरुवात झाली. ढेपी फोडून खडे करायचे, हातावर द्यायचे, लेकरांना दोनदा द्यायचे, यात बराच वेळ जातो. ऊन पारावर आलं. गुळाला पाझर फुटला, त्याची तार विकासच्या पांढऱ्या शर्टवरून खाली उतरली, माश्या आल्या. त्याला त्या हाकलता येत नव्हत्या.

"ठेवू का आता खाली?" त्यानं हळूच विचारलं.

"फुकट गेलं म्हनत होते ना जीपीत? फुकट गेलेल्या गोष्टीले येवढं वजन नसते. धरा." मग तिनं जरा थांबून सांगितलं, "अन् पट्टी काढत नाई मी. रागात बोल्ली व्हती. उद्या गाडीत लोकाईले हेबी सांगजा."

 विकासचे दंड थरथरत होते आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. शेवटी पुजाऱ्यानं हाक मारली, घरच्यांनी देवाच्या पाया पडून घ्या, मग ही शेवटची ढेप फोडू. तिघं पायरीपाशी गेले. सोजराबाईंनी डोकं टेकलं. विकासनं टेकायचा प्रयत्न केला, पण ढेप मधे येत होती. तो कमरेतून थोडा झुकला, अडला, पुन्हा झुकला, आणि शेवटी उभ्यानंच मान हलवून राहिला. मागं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, देवापुढंबी ताठ.

वर्षाराणी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली, वाकली आणि तिनं पायरीवर कपाळ टेकलं. दगड उन्हानं तापला होता. तिनं कपाळ लगेच उचललं नाही.